मोठेपणी दोरीच्या उड्या: दमाच्या आधी पोटऱ्या तयार करा

पस्तिशी-चाळिशीत दोरीच्या उड्या पुन्हा सुरू करणारे बरेच जण पहिल्या महिन्यातच थांबतात, आणि थांबण्याचं कारण दम हे क्वचितच असतं. दम दोन-तीन आठवड्यांत सुधारायला लागतो. आडव्या येतात त्या पोटऱ्या, नडग्या आणि टाचेमागची जाड कंडरा, जिला डॉक्टर अकिलीस टेंडन म्हणतात. हृदय आणि फुप्फुसं व्यायामाला लवकर सरावतात. स्नायू त्यांच्या मागून येतात. कंडरा आणि हाडं सगळ्यांत शेवटी. कंडरेला रक्तपुरवठा कमी असतो, त्यामुळे तिला मजबूत व्हायला महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात "आज दम पुरतोय, अजून दोनशे मारू" असं वाटतं, तेव्हा छाती तयार असते आणि टाच तयार नसते. पुढचं सगळं वेळापत्रक हा फरक लक्षात ठेवून मांडलेलं आहे.

कोल्हापुरात ही गोष्ट पटायला जड जाऊ नये. तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी हजार बैठका सांगत नाहीत. आकडा आठवड्या-आठवड्याने चढतो आणि चढवायचा कधी हे वस्ताद ठरवतात, पोराचा उत्साह नाही. दोरीचंही गणित तेच.

मिळतं काय

व्यायामाचा जोर मेटमध्ये मोजतात: स्वस्थ बसल्यावर शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं, ती एक मेट. मिनिटाला 100 ते 120 उड्यांचा वेग म्हणजे सुमारे 11.8 मेट, आणि 100 च्या आतला संथ वेग म्हणजे सुमारे 8.8 मेट. भरभर चालणं 4.3 मेटच्या आसपास येतं. 70 किलो वजनाच्या माणसाने मध्यम वेगाने दहा मिनिटं प्रत्यक्ष उड्या मारल्या तर साधारण 135 किलोकॅलरी खर्च होतात. तेवढ्याच खर्चासाठी पंचवीस-सत्तावीस मिनिटं भरभर चालावं लागेल. वेळ कमी असलेल्या माणसासाठी हा सौदा चांगला आहे. पण "दहा मिनिटं" म्हणजे विश्रांती वगळून दहा मिनिटं, आणि तिथवर पोहोचायला अडीच महिने लागतात. वजन कमी करायला म्हणून सुरू करत असाल तर हेही ऐकून ठेवा: पहिल्या महिन्यात खर्च होणाऱ्या कॅलरी एका मिसळीच्या प्लेटपुढे किरकोळ असतात. पहिल्या महिन्याची कमाई म्हणजे ताल, तोल आणि पायांची तयारी.

आधी स्वतःला तपासा

अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार, चालताना छातीत दुखणं किंवा चक्कर, मधुमेहामुळे तळव्यांची बधिरता किंवा डोळ्यांच्या पडद्याचा त्रास, गुडघ्यांची झीज, मणक्याची दाबलेली चकती, हाडं ठिसूळ झाल्याचं निदान यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोरी हातात घेऊ नका. गरोदरपणात दोरी नको. बाळंतपणानंतर, मग ते साधं असो की सिझेरियन, किमान तीन महिने जाऊ द्या.

उड्या मारताना लघवीचे थेंब सुटणं बाळंतपण झालेल्या बायकांमध्ये खूप आढळतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. त्यात लाजण्यासारखं काही नाही. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल झाल्याची ती खूण असते आणि ते स्नायू व्यायामाने सुधारतात. लघवी रोखून धरताना जे स्नायू आवळले जातात, तेच आवळून पाच ते दहा सेकंद धरायचे, सोडायचे, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. हा व्यायाम प्रत्यक्ष लघवी करताना मात्र करायचा नाही. दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, किंवा खाली काही ओघळल्यासारखं जड वाटत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा या विषयातल्या फिजिओथेरपिस्टना दाखवा. तोवर चालणं आणि सायकल पुरे.

बाकीच्यांसाठी चार चाचण्या. अर्धा तास न थांबता भरभर चालता यायला हवं. एका पायावर अर्धा मिनिट स्थिर उभं राहता यायला हवं. भिंतीला बोटं टेकवून एका पायाने टाच पूर्ण वर उचलायची आणि खाली आणायची, असं प्रत्येक पायाने किमान पंधरा वेळा जमायला हवं. शेवटी जागच्या जागी दहा हलक्या उड्या, कुठेही न दुखता. तिसऱ्या चाचणीत लोक सर्वाधिक अडकतात. आठ-दहातच पाय थरथरत असेल तर तीन-चार आठवडे फक्त टाचा उचलण्याचा व्यायाम आणि चालणं करा, दोरी नंतर. हे महिनाभराचं थांबणं पुढचे सहा महिने वाचवतं. वजन बरंच जास्त असेल तरीही क्रम हाच: आधी चालणं, मग दोरी.

दोरी कोणती

लहान मुलांची लाकडी मुठीची सुती दोरी घेऊ नका. ती इतकी हलकी असते की हवेतच मऊ पडते, पायाखाली कधी आली ते हाताला कळत नाही, आणि पावसाळ्यात ओल धरते. प्लास्टिक आवरणाची बारीक स्टीलची केबलही सुरुवातीला नको. ती वेगासाठी असते, आणि नडगीवर बसली की वळ उठतो.

शिकणाऱ्याला दोन पर्याय चांगले. पहिला, 4 ते 5 मिलिमीटर जाडीची भरीव पीव्हीसी दोरी. दुसरा, नायलॉनच्या दोरात प्लास्टिकचे मणी ओवलेली दोरी. मण्यांची दोरी थोडी जड असते, आकार धरून फिरते, पिळा पडत नाही आणि जमिनीवर टक्क वाजते. हा आवाज शिकण्यात फार उपयोगी आहे, ते पुढे येईलच. मूठ फिरवून पाहा: मूठ हातात स्थिर धरल्यावर दोरी तिच्यातून मोकळी फिरायला हवी. अडकत फिरणारी दोरी दहा उड्यांत पीळ खाते आणि आखूड होते. उड्या मोजणाऱ्या डिजिटल मुठीवर पैसे घालवायचं कारण नाही. मोबाइलमधला टायमर पुरतो.

लांबी हा दोरीतला सगळ्यांत महत्त्वाचा आणि सगळ्यांत दुर्लक्षित भाग आहे. दोरीच्या मध्यावर एक पाय ठेवा आणि दोन्ही मुठी सरळ वर ओढा. नवशिक्यासाठी मुठींची वरची टोकं काखेपर्यंत यावीत. त्याहून वर, खांद्यापाशी गेली तर दोरी लांब. पुढे जमिनीवर आपटून उसळते. छातीच्या खाली राहिली तर आखूड. मग माणूस नकळत पाय पोटाशी ओढून उंच उडतो आणि गुडघ्यांवर भार येतो. आकड्यात हवं असेल तर उंचीत तीन फूट मिळवा: 5 फूट 4 इंच उंचीला मुठी सोडून साधारण 8 फूट 4 इंच दोरी. दुकानात मिळणारी दोरी सहसा 9 ते 10 फुटांची असते, म्हणजे जवळजवळ प्रत्येकाला ती कमी करावी लागते. लगेच कापू नका. पीव्हीसी असेल तर मुठीच्या आत गाठ सरकवा, केबल असेल तर स्क्रू सैल करून ओढून घ्या, आठवडाभर वापरा आणि मगच जास्तीचा तुकडा कापा. दोन-तीन महिन्यांत हात स्थिर झाले की दोरी मधल्या छातीपर्यंत आणता येते.

नवी पीव्हीसी दोरी पाकिटातल्या घड्या सोडत नाही. सोसवेल इतक्या गरम पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि एक मूठ खिळ्याला अडकवून रात्रभर लोंबती ठेवा. वेड्यावाकड्या दोरीवर ताल शिकता येत नाही.

जागा आणि बूट

सगळ्यांत चांगली जमीन लाकडी. त्याखालोखाल 8 ते 10 मिलिमीटर जाडीची घट्ट रबरी मॅट, मग दाबून बसलेली सपाट माती. काँक्रीट आणि फरशी शेवटी. योगासनांची मॅट पातळ आणि मऊ असते, पायाखाली सरकते आणि दोरीने फाटते. गादी किंवा जाड फोमवर तर उड्या नकोतच. घोटा मुरगळायला तो सोपा मार्ग आहे. तालमीतल्या हौदाची उकरलेली लाल माती कुस्तीसाठी आहे: पाय रुततो, दोरी माती उडवते, आणि तिथे बूट घालून जाणं तर कुणी खपवून घेणार नाही. तालमीच्या किंवा शाळेच्या आवारातली टणक माती चालते.

रंकाळ्याचा पदपथ सकाळी चालणाऱ्यांनी भरलेला असतो. दोरी पुढे-मागे साडेतीन-चार फूट जाते, त्यामुळे तिथे उड्या म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर फटका. उद्यानातला रिकामा कोपरा शोधा. पंचगंगा घाटाचे दगड ओबडधोबड आणि निसरडे, तिथे दोरी काढूही नका.

घरात मारत असाल तर डोक्यावर किमान दोन फूट, पुढे-मागे चार-चार फूट आणि दोन्ही बाजूंना अडीच फूट मोकळी जागा हवी. पंखा बंद करा आणि त्याच्या बरोबर खाली उभे राहू नका. अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर खालच्या घरात धप्‌धप्‌ ऐकू जातेच, मॅट टाकली तरी. इमारतीचं पार्किंग हा चांगला तोडगा आहे, आणि पावसाळ्यात तर उत्तमच. जून ते सप्टेंबर गच्चीवर शेवाळ धरतं. वरून कोरडी दिसणारी गच्चीही बुटाखाली सरकते. त्या चार महिन्यांसाठी छपराखालची जागा आधीच ठरवून ठेवली नाही, तर पहिल्या मोठ्या पावसाबरोबर व्यायाम बंद पडतो.

बूट बॅडमिंटनचे किंवा जिममधले सपाट तळव्याचे घ्या. चवड्याखाली थोडी गादी हवी. पळायच्या बुटांची टाच जाड आणि उंच असते, ती चवड्यावर उतरताना मध्ये येते. दुसरे नसतील तर ते चालतील. चप्पल कुठलीही नको, कोल्हापुरी तर नकोच. अनवाणी उड्या वर्षभराच्या सरावानंतर. नाडीची दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा. पायघोळ पायजमा, ओढणी, लांब मंगळसूत्र, मोकळे केस यांत दोरी अडकते. बायकांनी घट्ट आधार देणारी स्पोर्ट्स ब्रा घालावी.

उडी कशी असते

शाळेतली उडी विसरा. त्या वयात आपण हात मोठे फिरवत, पाय मागे फेकत, फूटभर उंच उडत असतो आणि ते खपून जातं. मोठ्या माणसाची उडी जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर. दोरीची जाडी अर्धा सेंटिमीटर आहे. तिला जायला तेवढी फट भरपूर होते. समोरून पाहणाऱ्याला तुमचं डोकं जवळजवळ स्थिर दिसायला हवं.

पाय जवळ, गुडघे किंचित सैल. उतरायचं चवड्यावर, म्हणजे अंगठ्यामागच्या आणि बोटांमागच्या गादीवर. टाच जमिनीला हलकी टेकली तरी बिघडत नाही, पण वजन टाचेवर पडता कामा नये. नजर समोर, पायांकडे नाही. कोपरं बरगड्यांजवळ, हात कमरेच्या उंचीवर आणि थोडे पुढे, इतके की समोर बघताना डोळ्यांच्या कडेला मुठी दिसाव्यात. दोरी फिरवायची मनगटाने. खांदे फिरत असतील तर पाचव्या मिनिटाला मानेपासून दुखायला लागतं. मूठ बोटांत धरा, अंगठा मुठीवर लांब ठेवा, गच्च आवळू नका. उतरण्याचा आवाज ऐका: मऊ टप हवा. धप्प येत असेल तर उंच उडताय किंवा गुडघे ताठ आहेत.

शिकताना हा क्रम धरा. दोन दिवस दोरीशिवाय: मोबाइलवर मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके वाजवणारं ॲप) मिनिटाला 110 ठोक्यांवर लावून वीस-वीस छोट्या उड्या. मग दोन्ही मुठी उजव्या हातात घ्या, दोरी शरीराच्या बाजूला फिरवा आणि ती जमिनीला लागल्याचा आवाज आला की उडा. दोरी अडकायचा प्रश्नच नाही, त्यामुळे सगळं लक्ष तालाकडे राहतं. डाव्या हातानेही तेवढंच. मण्यांच्या दोरीचा फायदा इथे. मग दोरी टाचांमागे ठेवून एक उडी, थांबा. पुन्हा एक, थांबा. एक नीट आली की दोन, पाच, दहा. सलग वीस येईपर्यंत वेळ लावून मारायला जाऊ नका.

प्रत्येक फेरीत मध्ये एक जास्तीची छोटी उसळी घेण्याची सवय बहुतेकांना असते. पहिले काही दिवस चालेल. पण दोरीच्या एका फेरीला दोन उतरणी होतात, म्हणजे पायांवरचा भार दुप्पट. ती सोडवायला उडी बदलू नका, दोरी जलद फिरवा. संथ दोरीत पायांना रिकामा वेळ मिळतो म्हणून ती उसळी येते.

अडकते कुठे

दोरी बोटांना लागत असेल तर बहुतेक वेळा उडी उशिरा होत नसते, हात बाजूला पसरलेले असतात. हात जितके लांब गेले तितकी दोरी पायाखाली आखूड पडते. थकल्यावर हे हमखास होतं. पंधरा-वीस उड्यांनंतर अडकणाऱ्याने आधी कोपरं तपासावीत. दोन्ही काखांत एकेक पातळ रुमाल धरून उड्या मारा. रुमाल पडला की कोपर सुटलं.

टाचांना किंवा पोटरीला लागत असेल तर पाय मागे दुमडले जात आहेत. भिंतीकडे पाठ करून, हातभर अंतरावर, दोरीशिवाय उडा. टाच भिंतीकडे गेली तर कळेल. डोक्याला लागत असेल तर दोरी आखूड आहे. दोरी तिरकी येत असेल तर एक हात दुसऱ्यापेक्षा वर आहे, सहसा ज्या हाताने आपण लिहितो तो. दोरी पायांच्या बरीच पुढे आपटत असेल तर लांब आहे किंवा हात फारच पुढे गेले आहेत.

श्वास रोखून धरणं हीही एक चूक. वीस सेकंद रोखून मारल्या की पुढचं मिनिट धापा टाकण्यात जातं. तोंड किंचित उघडं ठेवा आणि तीन-चार उड्यांना एक श्वास सोडा.

बारा आठवडे

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सोमवार, बुधवार, शुक्रवार घ्या. रोज मारणाऱ्याच्या कंडरेला भरून यायला वेळच मिळत नाही.

दर वेळी आधी पाच मिनिटं अंग गरम करा: जागेवर चालणं, घोटे दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवणं, दहा अर्ध्या बैठका, पंधरा वेळा टाचा उचलणं, खांदे आणि मनगटं फिरवणं. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात पाचाची आठ मिनिटं करा.

पहिला-दुसरा आठवडा: 20 सेकंद उड्या, 40 सेकंद विश्रांती, अशा 10 फेऱ्या. प्रत्यक्ष उड्या साडेतीन मिनिटांपेक्षाही कमी, आकडा साधारण 330.

तिसरा-चौथा आठवडा: 30 सेकंद उड्या, 30 सेकंद विश्रांती, 10 फेऱ्या. साधारण 500 ते 550 उड्या.

पाचवा-सहावा: 45 सेकंद उड्या, 30 सेकंद विश्रांती, 8 फेऱ्या. साधारण 650.

सातवा-आठवा: 1 मिनिट उड्या, 30 सेकंद विश्रांती, 8 फेऱ्या. साधारण 850 ते 900.

नववा ते बारावा: 2 मिनिटं उड्या, 45 सेकंद विश्रांती, 5 फेऱ्या. साधारण 1,100.

दोरी अडकली की घड्याळ थांबवू नका. सोडवा आणि उरलेले सेकंद पूर्ण करा. विश्रांतीत बसू नका, जागेवर चालत राहा. सोपं वाटलं तरी दोन आठवड्यांचा टप्पा एका आठवड्यात उरकू नका. अवघड वाटलं तर तोच टप्पा तिसऱ्या आठवड्यातही चालू ठेवा, त्यात काहीच बिघडत नाही. पन्नाशीच्या पुढच्यांनी प्रत्येक टप्प्याला सरळ तीन आठवडे द्यावेत, असा आमचा आग्रह आहे. मिनिटांपेक्षा उड्यांचा एकूण आकडा वहीत लिहा, कारण पायांवर पडते ती प्रत्येक उतरण.

संपल्यावर तीन-चार मिनिटं संथ चालून भिंतीला हात टेकवून पोटऱ्या ताणा. मागचा गुडघा सरळ ठेवून 30 सेकंद, मग तोच गुडघा वाकवून 30 सेकंद, दोन्ही पायांनी दोनदा. सरळ गुडघ्याने वरची पोटरी ताणली जाते, वाकवल्यावर तिच्याखालचा चपटा स्नायू. दुसरं बरेच जण वगळतात.

मधल्या दिवसांपैकी दोन दिवस टाचांचा व्यायाम, आणि याला दोरीइतकंच महत्त्व आहे. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून उभे राहा, कठड्याला धरा, टाचा वर उचला आणि तीन सेकंद घेत सावकाश पायरीच्या खाली आणा. गुडघे सरळ ठेवून 12 ते 15 वेळा, तीन फेऱ्या. गुडघे थोडे वाकवून पुन्हा तेवढंच. दोन पायांनी सोपं झालं की एका पायाने.

दमाचं माप साधं आहे. विश्रांतीच्या शेवटी एक पूर्ण वाक्य बोलता यायला हवं. येत नसेल तर विश्रांती 15 सेकंदांनी वाढवा. मनगटावर घड्याळ असेल तर 220 वजा वय हा कमाल ठोक्यांचा ढोबळ अंदाज. चाळिशीत 180, आणि उड्या मारताना 126 ते 153 दरम्यान राहणं ठीक. सुरुवातीला आकडा त्याच्याही वर जातो, म्हणूनच फेऱ्या छोट्या आहेत. रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर गटातली गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी दिसतात. अशांनी आकडा सोडून बोलण्याचं माप वापरावं.

जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम किंवा 75 मिनिटं जोरकस व्यायाम सांगितला आहे. बाराव्या आठवड्याला तुमच्या उड्या आठवड्याला 30 मिनिटं होतात. जोरकस एक मिनिट म्हणजे मध्यम दोन, या हिशेबाने आणखी 90 मिनिटं चालणं उरतं. रंकाळ्यावर जात असाल तर ते बंद करू नका.

दुखणं ओळखा

पहिल्या आठवड्यात पोटऱ्या भरून येणारच. दुसऱ्या दिवशी जास्त, तिसऱ्या दिवसापासून उतरतं. दोन्ही पायांना सारखं, दाबल्यावर पसरट दुखणारं असेल तर चालत राहा.

टाचेमागच्या कंडरेची परीक्षा सकाळी होते. अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना टाचेमागे आखडलेलं वाटतं का आणि ते किती वेळ टिकतं, हे रोज पाहा. दोन-चार मिनिटांत मोकळं होत असेल तर आकडा वाढवू नका, आहे तिथेच थांबा. अर्धा तास टिकत असेल किंवा कंडरा जाड, हात लावल्यावर हुळहुळी लागत असेल तर आठवडाभर दोरी बंद आणि पायरीवरचा व्यायाम फक्त सपाट जमिनीवर. परत येताना मागच्या टप्प्यापासून. दुखणं तरीही टिकलं तर डॉक्टरांना दाखवा.

तळव्यात, टाचेच्या खाली, सकाळच्या पहिल्या पावलाला कळ येत असेल तर तो तळव्याच्या पट्ट्याचा त्रास. घरात फरशीवर अनवाणी चालणं थांबवा, मऊ स्लिपर घाला, पाण्याची बाटली तळव्याखाली घोळवा.

नडगीच्या आतल्या कडेने बोटभर-वीतभर पसरलेलं दुखणं जमीन टणक असल्याचं किंवा आकडा फार लवकर वाढल्याचं सांगतं. पण हाडावर एकाच ठिकाणी, बोटाच्या टोकाने दाखवता येईल असं दुखत असेल, रात्री पडल्यावरही ठसठसत असेल, तर हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. उड्या त्याच दिवशी थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. सुरुवातीच्या एक्स-रेत अशी चीर दिसतेच असं नाही, हे माहीत असू द्या. उडी मारताना पोटरीत किंवा टाचेमागे कुणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि पुढे चवड्यावर उभं राहता येईना, तर कंडरा तुटल्याची शक्यता असते. त्याच दिवशी दवाखाना. छातीत दाब, डावा हात किंवा जबडा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी यात थांबून पाहण्यासारखं काही नाही, थेट रुग्णालय गाठा.

खाणं, पाणी, वेळ

जेवणानंतर अडीच-तीन तास जाऊ द्या. रात्री तांबडा-पांढरा रस्सा झाला असेल तर सकाळीही अंग जड राहतं, त्या दिवशी एक टप्पा खालचा घ्या. सकाळी उठून लगेच मारायचं असेल तर अर्धं केळं आणि पेलाभर पाणी, मग वीस मिनिटांनी सुरुवात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर पटकन उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी मारू नये, आधी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोज ठेवावं. एप्रिल-मे मध्ये सकाळी सातच्या आत संपवा. व्यायामानंतर कट्ट्यावर जाऊन ताजं दूध प्यायची सवय असेल तर ती चांगलीच आहे.

बारा आठवड्यांनंतर

आता पायांची ठेवण बदलता येते. एकदा उजव्या, एकदा डाव्या पायावर थोडा जास्त भार देत झुलत मारायची उडी, जी बॉक्सर मारतात, ती आधी शिका. तिच्यात दोन्ही पाय आलटून-पालटून अर्धी विश्रांती घेतात, म्हणून लांब फेऱ्या झेपतात. दोरीशिवाय आरशासमोर दोन दिवस, मग बाजूला दोरी फिरवत, मग दोरीत. त्यानंतर जागच्या जागी धावल्यासारखी एकेका पायाची उडी. ती दिसायला सोपी, पण प्रत्येक उतरण एकाच पोटरीवर पडते, त्यामुळे सुरुवातीला प्रत्येक फेरीत दहा सेकंदच. या दोन जमल्या की तीन मिनिटं उड्या आणि एक मिनिट विश्रांती अशा बॉक्सिंगच्या धर्तीवरच्या पाच फेऱ्या घेता येतात.

एका उडीत दोरी दोनदा काढायचा मोह सहा महिने आवरा. त्यासाठी उंच उडावं लागतं आणि उतरण्याचा धक्का बराच वाढतो.

आजारपण, लग्नसराई किंवा गणपतीमुळे खंड पडला तर एक आठवडा गेल्यास आहे तिथूनच पुढे, दोन ते चार आठवडे गेल्यास दोन टप्पे मागून, त्याहून जास्त गेल्यास पुन्हा पहिल्या टप्प्यापासून सुरू करा. मात्र या वेळी प्रत्येक टप्प्याला एकच आठवडा दिला तरी चालतो. ताप येऊन गेला असेल तर तो उतरल्यावर आणखी किमान चार-पाच दिवस फक्त चाला. दोरी तेवढे दिवस खिळ्याला सरळ लोंबती ठेवा, घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकू नका.